समुद्राची ओढ

दिवाळीची सुट्टी लागली की रत्नागिरीतल्या घराघरांत पाहुण्यांची भरती येते. पुण्या-मुंबईचे भाचे, पुतणे, मेहुणे आणि मेहुण्यांचे शेजारी अशी सारी मंडळी कोकण रेल्वेने, मोटारीने नाहीतर रात्रीच्या बसने येऊन थडकतात. कार्यक्रम ठरलेला असतो. थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान, रत्नदुर्गावरची भगवती, पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी आणि अखेर गणपतीपुळे. आंब्याचे दिवस नसल्याबद्दल थोडी हळहळ, आणि त्यावर उतारा म्हणून आंबापोळीची पुडकी. राजवाडा किती वाजता उघडतो हे पाहुणे विचारतात, देवळातली आरती कितीची हे विचारतात, परतीची गाडी वेळेवर सुटते का हेही विचारतात. समुद्राची वेळ मात्र कोणी विचारीत नाही. तो काय, आठही प्रहर उघडाच!

वास्तविक साऱ्या रत्नागिरीत वेळापत्रक काटेकोरपणे पाळणारा कोणी असेल तर तो समुद्रच. पण ते वेळापत्रक वाचायचे कसे हे ज्यांनी पाहुण्यांना सांगायचे, ते आम्ही यजमानही बहुधा फराळाच्या ताटांत गुंतलेले असतो. म्हणून म्हटले, दिवाळी अंकाच्या निमित्ताने या एका पाहुणचाराची भर घालावी.

"मामा, समुद्र शांत आहे ना?" एवढा एकच प्रश्न भाचेमंडळी निघताना, पायांत चपला सरकवता सरकवता, विचारतात. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला या प्रश्नातले विशेषणच खटकते. शहरातल्या मराठीत समुद्राला दोनच विशेषणे उरली आहेत: एक 'शांत' आणि दुसरे 'खवळलेला'. किनाऱ्यावर ज्यांचे पोट आहे त्यांचे इतक्या थोड्या भांडवलावर भागत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर होडी लोटण्यापूर्वी तांडेल आपल्या मनाशी चार प्रश्न सोडवतो. पाणी चढते आहे की उतरते आहे? वारा आणि लाट कुठून येते आहे? तळाशी काय आहे? आणि बंदरावर बावटा कितीचा आहे? या चारांची उत्तरे मिळाली की मग 'शांत' या शब्दाला काही अर्थ येतो.

असे वाचन फक्त समुद्राचेच करावे लागते असे नाही. काश्मिरात गुलमर्गला बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळायला जे जातात, ते डोंगर पांढरा दिसतो आहे एवढ्यावर समाधान मानीत नाहीत. नवे बर्फ किती पडले, नंतर वारा सुटला होता का, उन्हाने वरचा थर वितळून रात्री पुन्हा गोठला का, आणि खाली जुना कच्चा थर दबून राहिला आहे का, याची चौकशी ते आधी करतात. हिमकडा कोसळण्याच्या भीतीच्या तर चढत्या पाच पायऱ्या ठरवलेल्या आहेत. ताजा, गुळगुळीत, मोहात पाडणारा उतार हाच कित्येकदा घातकी निघतो, हे त्या मंडळींना पक्के ठाऊक असते. आमच्या कोकणात बर्फ पडत नाही; पण मोहात पाडणारी गुळगुळीत जागा आमच्याही समुद्रात असते. तिच्याकडे येण्यापूर्वी ते चार प्रश्न क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न पाण्याच्या चढउताराचा. भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते, आणि दर दिवशी भरतीची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढाच उशिरा उगवतो. याचा एक सोपा हिशेब किनारपट्टीवर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणावे व चाराने भागावे. येईल तो भरतीचा ताजवा. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती आणि पहाटे तीनलाही. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो. शिवाय भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, त्यामुळे रत्नागिरीला ती मुंबईच्या थोडी आधी पोहोचते. नेमकी वेळ हवी त्याने भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावे. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहून बोटांवर करता येण्याजोगा असा उपयोगी हिशेब दुसरा नाही.

आता तिथीवरून आणखी एक गोष्ट कळते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, आणि पाण्याला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती एकमेकींना छेद देते; त्या वेळच्या बेताच्या भरतीला भांगाची भरती म्हणतात. वर्गात एकदा मी 'उधाण' या शब्दाचा अर्थ विचारला. गावातल्या एका मुलीने "अतिशय वाढ" असे चोख उत्तर दिले. मागच्या बाकावरून मिरकरवाड्याचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, उधाण दोन्हीकडून असतं. जेवढं चढतं तेवढंच ओसरतंही." शब्दकोशात न सापडणारा अर्थ त्या पोराच्या घरात सापडत होता. आम्ही आनंदाला उधाण आणतो आणि उत्साहाला उधाण आणतो, पण उधाणाचे पाणी सहा तासांत खूप खालपर्यंत मागे जाते, ही दुसरी बाजू सोयीस्करपणे विसरतो. बुडण्याचा प्रसंग पुष्कळदा या दुसऱ्या बाजूला येतो.

हे मागे जाणे सारख्या वेगाने होत नाही. दर्यावर्दी लोक सहा तासांच्या ओहोटीचे बारा भाग कल्पितात. पहिल्या तासाला एक भाग पाणी उतरते, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्यालाही तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी निघून जाते. आता दिवाळीचा पंचांगाशी मेळ घालून पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, म्हणजे ऐन उधाणाचे. उधाणाचा जोर अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. म्हणजे पाडवा आणि भाऊबीज. भाऊबीजेला दोनचे तीनपट सहा, भागिले चार, दीड वाजता भरती. जेवणे उरकून, डुलकी काढून, मुलाबाळांना घेऊन मंडळी साडेतीनला पुळणीवर पोहोचतात आणि साडेपाचपर्यंत पाण्यात डुंबतात. ओहोटीचे मधले दोन तास नेमके हेच!

चतुर्थीचेही तेच. संकष्टीला, आणि त्यातून अंगारकी आली तर विचारूच नका, गणपतीपुळ्याला माणसांचा पूर लोटतो. संकष्टी असो की विनायकी, तिथी चौथीच. भरती तीनच्या सुमाराला. दर्शन, प्रदक्षिणा, प्रसाद आटोपून लोक देवळासमोरच्या समुद्रात उतरतात ते पाणी उतरू लागल्यावर, आणि सूर्यास्तापर्यंत ते उतरतच असते. देव बिचारा पश्चिमेकडे तोंड करून हे पाहत बसलेला असतो. पंचांग मात्र आपल्याच हातात असते.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा व लाटेचा. पावसाळा सरल्यावर आमच्याकडे सकाळी जमिनीवरून मतलई वारे वाहतात आणि समुद्र तुकतुकीत दिसतो. दुपारनंतर खारे वारे सुटतात आणि तोच समुद्र खळबळू लागतो. सकाळी पाहिलेल्या समुद्राच्या भरवशावर संध्याकाळी पाण्यात शिरू नये, ही झाली इथली गोष्ट. पण किनाऱ्यावर येणारी प्रत्येक लाट इथल्या वाऱ्याने उठवलेली नसते. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला वादळे होतात, त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर चालत काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि समुद्र एकाएकी आत घुसतो. केरळातले कोळी याला 'कळ्ळक्कडल' म्हणतात. कळ्ळन म्हणजे चोर आणि कडल म्हणजे समुद्र. किती नेमका शब्द! हे चोरपाणी ओळखण्याची खूण अशी, की दोन लाटांमधले अंतर वाढलेले असते. इथल्या वाऱ्याच्या लाटा भराभर येऊन फुटतात. दूरच्या लाटा बारा-पंधरा सेकंदांनी, सावकाश, पण भरल्या अंगाने येतात. म्हणून पाण्यात पाय घालण्याआधी दहा-पंधरा मिनिटे नुसते बसून पाहावे. लाटा गटागटाने येतात; चार लहान पाहून पाचवीही लहानच असेल असे समजणाऱ्याला तीच पाचवी आडवी पाडते.

तिसरा प्रश्न तळाचा. रत्नागिरीचे किनारे एका साच्यातले नाहीत. मांडवीची वाळू काळी, पलीकडच्या पांढऱ्या समुद्राची पांढरी. भाट्याची पुळण लांबलचक आणि सपाट, पण तिच्या टोकाला काजळी नदीची खाडी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी खाडीचे सारे पाणी त्या तोंडातून बाहेर धावते. खाडीच्या मुखाशी पोहणे म्हणजे धरणाचा दरवाजा उघडल्यावर नदीत उतरण्यासारखे आहे. गणपतीपुळ्याच्या नावातच पुळण आहे, पण तिथला किनारा उताराचा. काही पावलांतच गुडघ्याचे पाणी छातीला लागते. आणि हा तळ कायमचाही नसतो. पावसाळी लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि आत पाण्याखाली तिचे बांध घालतात. हिवाळ्या-उन्हाळ्यात सौम्य लाटा ती हळूहळू परत आणून टाकतात. दिवाळीच्या सुमारास हे काम अर्धेमुर्धेच झालेले असते. पाण्याखाली बांध असतात, बांधांमध्ये खिंडी असतात, आणि त्या दर वर्षी एकाच जागी नसतात. "गेल्या मे महिन्यात इथेच तर पोहलो होतो," या वाक्याला म्हणूनच काही किंमत नाही. ते पाणी वेगळे होते आणि जमीनही वेगळी होती.

आता ती गुळगुळीत जागा. लाटा बांधावर फुटून पाणी किनाऱ्याकडे ढकलतात. आलेल्या पाण्याला परत तर जावे लागते. ते बांधांमधली खिंड शोधते आणि तिच्यातून धारेसारखे आत समुद्रात निघते. पाणी उतरू लागले की बांध वर येतो, लाटा त्याच्यावर जास्त जोराने फुटतात, आणि परतीचे सगळे पाणी त्या अरुंद वाटेने धावते. शास्त्रज्ञ याला 'रिप करंट' म्हणतात. आमच्याकडचे लोक नुसते म्हणतात, "पाण्याला ओढ आहे."

ही ओढ डोळ्यांना दिसते कशी? इथेच सारा घोटाळा आहे. दोन्ही बाजूंना लाटा पांढऱ्या फेसाने फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा असा असतो की तिथे लाट फुटतच नाही. पाणी जरा काळपट, वरून सपाट, कधी गढूळ, कधी फेसाचे पुंजके बाहेरच्या बाजूला वाहत चाललेले. लहान मुलांना घेऊन आलेली आई चौफेर पाहते आणि तिला वाटते, इथे लाटा नाहीत, मुले इथेच खेळू देत. लाटा तिथे फुटत नाहीत याचे कारण खाली खोल आहे. आणि खोल आहे याचे कारण पाण्याने आपली परतीची वाट तिथे खणली आहे. साऱ्या किनाऱ्यावर 'शांत' म्हणावी अशी तेवढीच एक जागा, आणि धोक्याचीही तीच.

या धारेचा वेग एरवी माणसाच्या सावकाश चालण्याएवढा असतो. पण ती चढली की सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाते. शंभर मीटरची शर्यत पन्नास सेकंदांच्या आत संपवणारे जगज्जेते जलतरणपटू साधारण याच वेगाने पोहतात. मग सुट्टीला आलेल्या कारकुनाची किंवा कॉलेजकुमाराची कथा काय? विहिरीत पोहायला शिकलेल्यांना तर मी अधिक भितो. विहिरीचे पाणी जागच्या जागी असते, तिथे दम आणि हातपाय पुरतात. समुद्रात तेवढ्याने भागत नाही. ही धार माणसाला खाली खेचीत नाही, वरच्यावर आत नेते. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे तोंड करून तिच्याशी झुंजता झुंजता दमून. म्हणून नियम एकच: धारेत सापडल्यास किनाऱ्याकडे पोहू नये. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून हाक मारावी आणि बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, आडव्या दिशेने पोहावे. धार अरुंद असते. दहा-वीस हात बाजूला गेले की लाटा आपणच किनाऱ्याकडे ढकलू लागतात. लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे तिचा जोरही ओसरतो.

आणि काठावर उभे असलेल्यांसाठी दुसरा, फार कठीण नियम आहे. आपले माणूस जाताना पाहून मागोमाग उडी टाकू नये. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असे एकाच घरातले दोघेतिघे गेल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. झाकण लावलेला रिकामा डबा, पाण्याच्या मोठ्या बाटल्या, दोर, हवा भरलेला चेंडू, जे तरंगेल ते फेकावे. जीवरक्षकाला हाक मारावी, ११२ क्रमांक फिरवावा. आणि एकाने त्या माणसावरून नजर हलवू नये, कारण लाटांत डोके एकदा हरवले की पुन्हा सापडत नाही. जीवरक्षक शिटी वाजवतो तेव्हा तो आपली सुट्टी बिघडवायला आलेला नसतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

चौथा प्रश्न बावट्याचा. "बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला," असे वर्तमानपत्रांत येते आणि आपण पान उलटतो. हे इशारे एकपासून अकरापर्यंत असतात. दिवसा ते विशिष्ट आकारांनी दाखवतात आणि रात्री लाल-पांढऱ्या दिव्यांनी. एक आणि दोन दूरच्या समुद्रातल्या वादळाची वर्दी देतात. तीन आणि चार म्हणजे संकट बंदराच्या जवळ आले. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे. आणि अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. शिवाय हैदराबादला १९९९ साली स्थापन झालेली सागरी माहितीची राष्ट्रीय संस्था, जिला 'इन्कॉइस' म्हणतात, ती लाटांची उंची आणि चोरपाण्याचे इशारे आगाऊ देते. हे सारे कोळ्यांसाठीच असते असे समजू नये. जून-जुलै हे दोन महिने तर मच्छीमारी बंदच असते; ज्या पाण्यात तांडेल होडी घालीत नाही त्या पाण्यात वर्षासहलीला आलेल्यांनी पाय तरी का घालावा?

दिवाळीचे दिवस पावसाळ्याबाहेरचे म्हणून निर्धास्त, असाही समज आहे. २०१९ साली 'क्यार' चक्रीवादळ आमच्यासमोरच्या समुद्रात उठले आणि २७ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ते महाचक्रीवादळ झाले. जमिनीवर ते आलेच नाही. ओमानच्या दिशेने गेले आणि पुढे समुद्रातच विरले. पण त्याच्या लाटा किनाऱ्याला आल्या. त्याआधी २००९ साली, दिवाळी होऊन तीन-साडेतीन आठवडे झाले असताना, ११ नोव्हेंबरला 'फयान' कोकणावर आले. हंगाम जोरात होता, होड्या बाहेर होत्या. कित्येक खलाशी परत आले नाहीत. आणि जुन्या माणसांना १७ जुलै १९४७ अजून आठवते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्येचे उधाण होते, आणि प्रवासी सणासाठी घरी निघालेले होते.

हे वाचून कोणी समुद्राकडे पाठ फिरवावी असा माझा हेतू नाही. तसे झाले तर आमचे पाहुणे कमी होतील, आणि पाहुण्यांवाचून दिवाळी कसली? भांगाच्या दिवसांत, सकाळच्या मतलई वाऱ्यात, पाणी चढत असताना, सपाट पुळणीवर, खाडीच्या मुखापासून दूर, पोटरीएवढ्या पाण्यात मुलांचा हात धरून उभे राहावे. यासारखे सुख दुसरे नाही. उधाणाच्या दिवशी मात्र ते सुख रत्नदुर्गावर बसून घ्यावे. तिथून खालचे लाटांचे फुटणे, मधले काळपट पट्टे, धावणारा फेस असे सगळे नकाशासारखे दिसते. मुलांना ते पट्टे मोजायला सांगावेत. एक सुट्टी त्यांनी असे मोजण्यात घालवली, तर जन्मभर कुठल्याही किनाऱ्यावर ती आधी थांबतील आणि पाहतील.

'ओढ' हा आपल्या भाषेतला मोठा गोड शब्द. माहेराची ओढ असते, गावाची असते, माणसांची असते. समुद्राची ओढ लागली म्हणूनच तुम्ही घाट उतरून येता. पण त्याच शब्दाचा एक अर्थ पुळणीवर उभा असतो, आणि तो ठाऊक नसलेल्या माणसाला तो जिवाच्या मोलाने कळतो. तेव्हा यंदा भाऊबीजेला कोकणात असाल तर ओवाळणी झाल्यावर, पोरे चपला शोधू लागण्यापूर्वी, भिंतीवरची तिथी पाहा, तिला तीनाने गुणा आणि चाराने भागा. उत्तर दीड येईल. दुपारी साडेतीनला चहा ठेवा, गप्पा मारा, आणि समुद्रावर दुसऱ्या दिवशी सकाळी जा.